आधी टप, मग रंग

जुनी जीप पुन्हा उभी करायला घेणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती इंजिनाची असते. वास्तविक इंजिनाची मापं पुस्तकात सापडतात, सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात आणि तिथे नाहीच मिळाले तर जुन्या बाजारात नशीब अजमावता येतं. हार्ड टॉपला, म्हणजे कडक टपाला, असं कुठलंच पुस्तक नाही. तो ज्या जीपवर बसणार, तिच्याशीच त्याचं माप जुळवावं लागतं, आणि चाळीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या दोन जीपा एकसारख्या उरलेल्या नसतात.

कात्रज चौकातून कोंढव्याकडे वळलं किंवा जुन्या घाटाच्या दिशेने निघालं, की डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं दिसू लागतात. जुन्या जीपच्या बाबतीत अशा ठिकाणी एक प्रसंग हमखास घडतो. गाडी लष्करी हिरव्या रंगात चकचकीत होऊन उभी असते. मालक सुट्टी काढून आलेला असतो. चार जण टप उचलतात आणि बॉडीवर ठेवतात. पुढचे बोल्ट लागतात, डावीकडचेही लागतात. उजवीकडची भोकं मात्र बोटभर पुढे. मग कुणी पहार लावून टप सरकवू पाहतो, कुणी गोल कानस आणून भोकं लांबवतो, आणि कडांचा ताजा रंग टवके होऊन खाली पडतो. एवढं करूनही पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या मांडीवर पाणी ठिबकतं ते ठिबकतंच.

दोष टपाला दिला जातो. बहुतेक वेळा वाकडी असते ती खालची बॉडी. टप बसवेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, इतकंच.

महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडच्या जीपा मुख्यतः कापडी हूड घेऊनच रस्त्यावर आल्या. सीजे-३बी असो की नंतरची एमएम-५४०, कापडाला पाच-दहा मिलिमीटरचा फरक चालतो. पट्टा आवळला की झालं. कडक टप बहुतेकांनी नंतर, बाहेरच्या बॉडीवाल्याकडून बसवून घेतला. पत्र्याचा असेल तर त्या कारागिराच्या हातचा, फायबरचा असेल तर कुठल्या तरी वेगळ्याच जीपवरून काढलेल्या साच्यातला. अमेरिकेतही जुन्या सीजे जीपांचे पत्र्याचे टप कोनिगसारख्या बाहेरच्या कंपन्या बनवत. फोर्डने १९६६ च्या पहिल्या ब्रॉन्कोला बोल्ट काढून उतरवता येणारा पत्र्याचा टप कारखान्यातच दिला. लँड रोव्हरने छप्पर, दोन बाजू आणि मागचं दार असे वेगवेगळे तुकडे ठेवले, म्हणजे प्रत्येक तुकडा थोडा थोडा सरकवून जमवता येतो. आपल्या थारला कारखान्यातून बसवलेला हार्ड टॉप मिळाला तो २०२० साली. जुन्या जीपवाल्याला कारखान्याचा आधार नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागलेलं बरं.

काम चॅसीपासून वर चढवावं. जीपची बॉडी शिडीसारख्या चॅसीवर रबरी पॅकिंग घालून बोल्टने आवळलेली असते. ही रबरं वर्षानुवर्षांत चेपतात, आणि सगळी सारखी चेपत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूची जास्त बसतात. एक-दोनच बदलली तर नवी रबरं उंच आणि जुनी बुटकी, म्हणजे बॉडीला नवा पीळ. रबरांचा संपूर्ण संचच बदलावा. त्यानंतरही एखादा कोपरा खाली वाटला, तर रबराखाली पत्र्याचे वायसर घालून तो उचलता येतो. बोल्ट मात्र सगळे हातानेच लावून ठेवावेत. पाना लावायची वेळ बरीच पुढे आहे.

सडलेला फ्लोअर कापायचा असेल तर त्याआधी एक काम विसरू नये. दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत आणि मागे डाव्या-उजव्या भिंतींमध्ये चौकोनी पाइपचे तुकडे टाके मारून बसवावेत. जीपच्या बॉडीला ताठ ठेवणारा मुख्य भाग फ्लोअर आणि त्याखालचे चॅनल हाच असतो. तो कापला की दाराच्या जागा आत मिटतात, मागचे कोपरे बाहेर फाकतात. नवा पत्रा त्याच वाकड्या अवस्थेत वेल्ड झाला, की वाकडेपणा कायमचा. हे पाइप टपाची पहिली जुळणी होईपर्यंत काढायचे नाहीत. काम उरकण्याच्या घाईत ते मधेच कापून टाकणारे वेल्डर पुष्कळ भेटतात, तेव्हा मालकाने खडूने त्यांच्यावर "काढू नये" असं लिहून ठेवायला हरकत नाही.

आता मापं. गाडी जॅकवर किंवा स्टँडवर नको. चारही चाकांवर, चारही टायरांत ठरलेली हवा भरून उभी हवी. स्टँडची जागा बदलली की चॅसीचा बाक बदलतो आणि मापंही बदलतात. कात्रजसारख्या उताराच्या भागात गॅरेजची जमीन सपाट असेलच असं नाही, म्हणून लेव्हलच्या बुडबुड्यावर विसंबू नये. माप जमिनीपासून न घेता चॅसीच्या वरच्या कडेपासून घ्यावं. पाइप लेव्हल, म्हणजे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, हाताशी असली तर चॅसीचे चार बिंदू आणि बॉडीचे चार कोपरे यांतला फरक काही मिनिटांत कागदावर उतरतो. चॅसी तिरकी उभी असली तरी चालेल. बॉडीचे कोपरे तिच्याइतकेच तिरके हवेत.

मग कर्ण. दाराच्या मागच्या खांबापासून मागच्या कोपऱ्यापर्यंतचा जो चौकोन टप झाकणार आहे, त्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. समजा, हा चौकोन १.२ मीटर रुंद आणि १.५ मीटर लांब आहे. कर्णांत १० मिलिमीटरचा फरक आला, तर एक बाजू दुसरीपेक्षा साधारण साडेसहा मिलिमीटर पुढे सरकलेली आहे. उजवीकडची भोकं बोटभर पुढे का गेली, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. तीन-चार मिलिमीटरचा फरक रबरात मुरतो. त्याहून जास्त असेल तर मारून, ओढून बॉडीच सरळ करावी. टपाची भोकं मोठी करून हा फरक झाकता येतो, पण मग दारं लागत नाहीत.

कर्ण जुळले म्हणजे चौकोन चौकोन झाला. तो सपाट आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी कारागिरांची जुनी युक्ती आहे: समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन बारीक दोरे तिरपे ताणायचे. चारही कोपरे एका पातळीत असतील तर दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकतात. मधे ५ मिलिमीटरची फट दिसली, तर कुठला तरी एक कोपरा १० मिलिमीटर वर किंवा खाली आहे. खालचा दोरा वरच्याला उचलत असेल तर दोऱ्यांची जागा बदलून पुन्हा बघावं. पीळ उलट्या बाजूला आहे एवढाच त्याचा अर्थ. हीच परीक्षा टप उलटा करून त्याच्या खालच्या कडेवरही घ्यावी. बॉडी सपाट आणि टप पिळलेला, किंवा दोघेही पिळलेले पण उलट दिशांना, असे दोन्ही प्रकार आढळतात.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या काचेच्या चौकटीकडे. जीपची चौकट बॉनेटवर पाडता येते, म्हणजेच ती खाली बिजागऱ्यांवर उभी असते. बिजागरीची पिन झिजलेली, बुश गेलेला, किंवा चौकट पकडणारा क्लँप सैल, यांपैकी काहीही असलं तरी चौकट एखाद्या अंशाने मागे किंवा पुढे कलते. एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण दीड फूट उंचीच्या चौकटीत एक अंश म्हणजे वरची कड ८ मिलिमीटर सरकली. टपाची पुढची कड याच चौकटीवर बसते, त्यामुळे ही चूक थेट मागच्या भोकांपर्यंत पोचते. आधी पिन आणि बुश बदलावेत, क्लँप आवळावेत आणि मगच काचेचा कोन पक्का करावा. हा कोन ठरवायला दारांसारखा दुसरा पंच नाही. दोन्ही बाजूंची पत्र्याची दारं लावून, दाराची पुढची कड आणि चौकटीचा खांब यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी येईपर्यंत चौकट हलवावी. फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर चौकट पुढे कललेली आहे.

दारं लावली तसा मागचा फाळकाही लावून बंद करावा. तो काढून ठेवलेला असताना मागच्या दोन भिंती मोकळ्या सुटतात. त्या अवस्थेत टपाची भोकं पाडली आणि नंतर फाळका लावला, तर तो एक तर अडकतो किंवा खुळखुळतो.

आता टप. फायबरचा टप बहुधा वर्षभर कुणाच्या तरी गच्चीवर भिंतीला टेकवून उन्हात पडलेला असतो, आणि फायबर अशा अवस्थेत हळूहळू वाकतं. थोडा पीळ असेल तर कड सपाट टेकवून, वाकलेल्या कोपऱ्यावर वाळूची पोती ठेवून काही दिवस उन्हात ठेवल्यावर तो काही अंशी उतरतो. जास्त असेल तर टपाची खालची कडच बॉडीवर नव्याने ओतून घेणं उत्तम. त्यासाठी बॉडीच्या कडेवर पॅकिंग टेप चिकटवून त्यावर मेणाचं पॉलिश चोळायचं, टपाच्या कडेची खालची बाजू खरवडून घ्यायची, तिथे रेझिनमध्ये भिजवलेल्या ग्लास मॅटचे दोन-तीन थर द्यायचे आणि टप जागेवर ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी टप उचलला की त्याच्या कडेला बॉडीच्या कडेचा नेमका साचा आलेला असतो. इथे एक धोका आहे. फायबरवाले रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन गोष्टी घालतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यावं आणि हार्डनर त्यानंतर. या दोन्ही थेट एकमेकांत ओतल्या तर भडका किंवा स्फोट होतो. नव्या पोराच्या हाती हे काम देऊ नये.

पहिली खरी जुळणी रंगाच्या आधी, नुसत्या प्रायमरवर करायची. रबर बीडिंग अजून आणायचं नाही, कारण कुठल्या जाडीचं लागेल हे ठाऊक नसतं. ते कळण्यासाठी मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिनची माती लागते. तिच्या लिंबाएवढ्या गोळ्या करून, प्रत्येकीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, त्या बॉडीच्या कडेवर सगळीकडे वीतभर अंतरावर ठेवायच्या. चौकटीच्या वरच्या कडेवर आणि मागच्या कोपऱ्यांत थोड्या जास्त. चार जणांनी टप सरळ खाली उतरवायचा. घासत सरकवायचा नाही. आधीची भोकं असतील तर त्यांत बोल्ट नुसते टाकायचे. मग टप उचलायचा आणि चेपलेल्या प्रत्येक गोळीची जाडी व्हर्नियरने मोजून तिथेच बॉडीवर पेन्सिलने लिहायची. या आकड्यांनी वाद मिटतो. सगळीकडे ६ ते ८ मिलिमीटर आलं तर १० ते १२ मिलिमीटरचं स्पंज रबर चालेल, कारण अशा रबराची जाडी तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने दबली, की ते पाणीही अडवतं आणि टपालाही वर ढकलत नाही. एका कोपऱ्यात ३ आणि समोर १४ आलं, तर कुठलंही रबर तो फरक भरून काढणार नाही. पुन्हा खाली जाऊन बॉडीच्या रबरांखालचे वायसर बदलावे लागतात.

ही उलटतपासणी कंटाळवाणी आहे. गॅरेजवाल्याला ती आवडत नाही, कारण त्याचा हिशेब दिवसावर असतो. मालकाने या कामाचे पैसे वेगळे ठरवून द्यावेत. फुकटात कुणी तीनदा टप उचलत नाही.

बीडिंग घेताना ईपीडीएम रबर मागावं. साधं काळं रबर स्वस्त असतं, पण उन्हाने दोन-तीन वर्षांत चिरतं. फोम टेप खिडकीपुरती ठीक. टपाखाली ती पाणी पिते आणि कडेला गंज लावते. बीडिंगचा जोड कधीही कोपऱ्यात किंवा पुढे घेऊ नये. तो मागे, फाळक्याच्या वर, मधोमध असावा.

भोकं पाडायची ती अशी जुळणी झाल्यावर. बोल्टपेक्षा भोक दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवावं. फायबर उन्हात लोखंडाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावतं. दीड मीटरच्या टपात हा फरक मिलिमीटरच्या आत असला, तरी भोक अगदी घट्ट असलं की नेमकी तिथूनच चीर सुरू होते. फायबरवर रुंद वायसर आणि त्याखाली रबरी वायसर घालावा. ड्रिल सावकाश चालवावं, तोंडाला मास्क लावावा. ती भुकटी फुप्फुसात जाते. बोल्ट आवळताना पुढचे दोन अर्धे, मागचे दोन अर्धे, मग बाजूंचे, आणि हीच फेरी पुन्हा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलं, तर टप चेंगरून तिरका बसतो.

एवढं झाल्यावर टप उतरवावा आणि गाडी रंगायला द्यावी. पेंटरला बजावून सांगावं की बॉडीच्या आणि टपाच्या टेकणाऱ्या कडांवर लांबी भरायची नाही. रंगाचा थर मिलिमीटरचाही नसतो. लांबी मात्र सहज दोन-तीन मिलिमीटर चढते आणि मातीच्या गोळ्यांनी जमवलेला सगळा हिशेब बिघडवते.

रंग होऊन, बीडिंग लावून टप पुन्हा बसला की आधी कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी बीडिंगमध्ये धरून टप आवळावा आणि पट्टी ओढावी. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. त्यानंतर पाणी. पाइप खालून सुरू करून हळूहळू वर न्यावा, एका जागी मिनिटभर, आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसावं. सुरुवातच वरून केली तर पाणी कुठून शिरलं हे कळत नाही, कारण ते कडेकडेने वाहत लांबवर जाऊन ठिबकतं. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने ही परीक्षा घेऊ नये. तो फवारा नव्या गाडीतही पाणी घुसवेल.

शेवटी पिळाची परीक्षा. पुढचं एक चाक फुटपाथवर किंवा सहा इंची फळीवर चढवून गाडी उभी करावी. शिडीची चॅसी अशा वेळी पिळते, ते तिचं कामच आहे. या अवस्थेतही दारं उघडली-मिटली आणि टपाने काच चरचरवली नाही, तर जुळणी बरोबर. मग कात्रजचा जुना घाट चढून, बोगद्यातून शिंदेवाडीकडे उतरून यावं. सपाट रस्त्यावर न सापडणारा खडखडाट तिथल्या वळणांवर आणि गतिरोधकांवर कानावर येतो. आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवं रबर पहिल्या काही दिवसांत बसतं आणि बोल्ट सैल होतात.

कागदपत्रांचा मामला थोडक्यात. नोंदणीच्या कागदावर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करणं अडचणीचं झालं आहे, तेव्हा कापडी हूडच्या गाडीवर कायमचा कडक टप चढवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. 'व्हिंटेज' हा शब्दही जपून वापरावा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेलीच गाडी त्यात मोडते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, मुदत १० वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९८० नंतरच्या एमएम-५४० ला हे लागू नाही. तिला नेहमीची पुनर्नोंदणीच करावी लागते.

आणि तो लष्करी हिरवा रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. खाजगी जीपवर तो चढवला असेल, तर टप कितीही नेमका बसलेला असो, गाडी पुन्हा पेंटरकडे न्यावी लागेल.